चकतीभोवतीचं वर्तुळ म्हणजे औषध नव्हे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात एक छोटी बातमी आली होती. एका वनस्पतीच्या अर्काने औषधांना दाद न देणारे जिवाणू मारले, लवकरच त्यातून नवं प्रतिजैविक येईल, असा तिचा आशय. सोबत छायाचित्र होतं. पेट्री डिशमधल्या आगरवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीवर, जिवाणूंचा दाट दुधी थर, मधोमध कागदाची इवलीशी चकती आणि चकतीभोवती स्वच्छ, नितळ वर्तुळ. बातमी चांगल्या हेतूने दिली आहे आणि ते काम करणाऱ्या मुलांची मेहनत खरी आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही हे पत्र लिहायला बसले, कारण असंच एक वर्तुळ मी कधीकाळी स्वतः मिरवलं होतं आणि त्याचं ओझं अजून मनावरून उतरलेलं नाही.

मी रसायनशास्त्रात संशोधन केलं, पुढे बरीच वर्षं शिकवलं, आता निवृत्त आहे. विषय एकच राहिला. वनस्पतींतले रेणू घ्यायचे, त्यांत बदल करायचे आणि बदललेला रेणू जिवाणूंवर कितपत चालतो ते पाहायचं. त्यामुळे त्या छायाचित्रात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे सांगण्याइतका अधिकार मला आहे असं वाटतं.

चकतीभोवतीचं वर्तुळ मुख्यतः दोन गोष्टींचं मिळून बनतं. पदार्थात जिवाणू थोपवण्याची ताकद किती, ही एक. तो पदार्थ आगरमधून किती लांब झिरपतो, ही दुसरी. पाण्यात सहज विरघळणारा साधारण ताकदीचा रेणू मोठं वर्तुळ काढतो, आणि तेलकट रेणू जोरकस असूनही चकतीलाच चिकटून बसतो. अर्क काढायला वापरलेला द्रावक चकतीत राहून गेला तर तोही जिवाणूंना त्रास देतो. म्हणून नुसत्या द्रावकाची चकती शेजारी ठेवावीच लागते, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते. शिवाय चकतीवर अर्क किती घातला होता? दाट अर्क भरपूर ओतला, तर वर्तुळ बहुतेक कशाभोवतीही उमटतं.

खरा हिशेब लागतो तो खळग्यांच्या प्लेटमध्ये. हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची प्लेट, तिच्यात ९६ खळगे. पहिल्या खळग्यात पदार्थ सर्वांत जास्त, पुढच्यात निम्मा, त्याच्या पुढे पाव, असं अर्धं अर्धं करत जायचं. प्रत्येक खळग्यात मोजून सारखेच जिवाणू सोडायचे, मिलिलिटरमागे सुमारे पाच लाख. रात्रभर इनक्युबेटरमध्ये ३५ अंशांवर ठेवायचं आणि सकाळी पाहायचं, की वाढ कुठल्या खळग्यापर्यंत थांबली आहे. तो आकडा म्हणजे त्या पदार्थाची किमान रोधक मात्रा. अर्काची बातमी वाचताना मी आधी हा आकडा शोधते. तुमच्या बातमीत तो नव्हता. इतरही बातम्यांत सहसा नसतो.

आकडा का हवा, ते सांगते. जिवाणू आणि बुरशी यांच्यापासून मिळालेली आपली नेहमीची प्रतिजैविकं मिलिलिटरमागे ०.०१ ते १० मायक्रोग्रॅम एवढ्यात काम उरकतात. वनस्पतींतल्या रेणूंना बहुधा १०० ते १००० मायक्रोग्रॅम लागतात. हा फरक शेकडो पटींचा, कधी हजारो पटींचा आहे. एवढी मात्रा माणसाच्या रक्तात टिकवून धरायची म्हटली, तर जिवाणूंच्या आधी माणसाचं यकृत हात टेकेल. प्लेटमधला जिवाणू १००० मायक्रोग्रॅमला मेला, एवढ्यावरून औषध सापडलं असं म्हणता येत नाही.

मग वनस्पती इतक्या दुबळ्या हत्यारांवर कशा तगतात? त्या तर जागचं हलूही शकत नाहीत, आणि मुळांभोवतीच्या मातीत जिवाणू-बुरशींची नुसती दाटी असते. हा प्रश्न मला विद्यार्थिदशेपासून छळत होता. त्याचं एक फार सुंदर उत्तर २००० साली मिळालं. दारुहळदीच्या कुळातल्या झाडांत बर्बरिन नावाचा पिवळाधमक अल्कलॉइड असतो. तो जिवाणूच्या डीएनएला जाऊन बिलगतो, त्याला घातक आहे. पण स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूच्या पेशीआवरणात ‘नॉर-ए’ नावाचा पंप असतो. बर्बरिन आत शिरतं न शिरतं तोच हा पंप त्याला उपसून बाहेर टाकतो. फ्रँक स्टर्मिट्झ, किम लुईस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की बर्बरिन बनवणाऱ्या काही झाडांत त्याच्या जोडीला आणखी एक रेणू असतो, ५-प्राइम-मिथॉक्सीहिड्नोकार्पिन. तो स्वतः एकही जिवाणू मारत नाही. तो पंप बंद पाडतो, आणि मग बर्बरिन आत साठत जातं. एक दाराला पाचर ठोकतो, दुसरा आत जाऊन काम करतो. झाडाचं हत्यार जोडीचं होतं, आणि आपण त्यातलं एकच पातं उपटून प्लेटमध्ये तपासत होतो.

त्या लांबलचक नावातल्या ‘हिड्नोकार्पिन’कडे पुन्हा यायचं आहे. आधी माझी गोष्ट सांगते.

माझं पीएचडीचं काम बर्बरिनवर होतं. बर्बरिनच्या सांगाड्यात नवव्या कार्बनवर एक मिथॉक्सी गट असतो, म्हणजे ऑक्सिजन आणि त्याला जोडलेला मिथाइल. बर्बरिनची भुकटी निर्वात करून साधारण १९० अंशांवर तापवली, की त्यातला मिथाइल निघून जातो. ते पाहण्यासारखं असतं. चंबूच्या तळाशी पिवळी भुकटी असते, दहाएक मिनिटं काहीच घडत नाही, मग कडेने नारिंगी झाक येते, ती आत सरकते आणि बघता बघता सगळी भुकटी गडद लाल होते. या लाल पदार्थाचं नाव बर्बेरुबिन. मिथाइल गेल्यामुळे तिथे ऑक्सिजन मोकळा झालेला असतो, त्यावर आपल्याला हवी ती साखळी जोडता येते. मी कार्बनच्या साखळ्या जोडत गेले, आधी दोन कार्बनची, मग चार, सहा, आठ, दहा, बारा. साखळी जोडली की रंग पुन्हा पिवळ्यावर यायचा. त्या दोन वर्षांत माझी बोटं, वहीची पानं, अॅप्रनची बाही, सगळं पिवळं होतं.

वाढ झाली की नाही ते पाहायला आम्ही रिझाझुरिन घालायचो. हा निळा रंग जिवंत जिवाणू गुलाबी करून टाकतात. खळगा निळाच राहिला, तर वाढ थांबली. पण बर्बरिनच मुळात पिवळं, त्यामुळे जास्त मात्रेच्या खळग्यांत निळ्याचं हिरवं दिसायचं आणि गुलाबीचं नारिंगी. पहिले काही महिने मी खळगे चुकीचे वाचत होते. मग नुसत्या पदार्थाची, जिवाणू न घातलेली एक रांग शेजारी लावायला लागले आणि डोळा बसला.

एका सकाळी दहा कार्बनच्या साखळीची प्लेट काढली. साध्या बर्बरिनच्या रांगेत हिरवा रंग दुसऱ्याच खळग्यात संपला होता. साखळीवाल्या रांगेत निळा पट्टा त्याच्याही पुढे पाच खळगे गेला होता. पाच वेळा निम्मं, म्हणजे बत्तीस पट ताकद. हात थरथरत होते. इ. कोलाय या दुसऱ्या जिवाणूची रांग पहिल्यापासून शेवटपर्यंत गुलाबीच होती, पण त्या दिवशी तिकडे माझं लक्षही गेलं नाही.

बातमी संस्थेत पसरली. माहितीपत्रकात माझा फोटो छापून आला, हातात चकतीची डिश, कारण प्लेटपेक्षा डिश छायाचित्रात चांगली दिसते. तिथून ती एका वर्तमानपत्राने उचलली. मथळ्यात ‘औषध’ हा शब्द होता. मी तो वापरला नव्हता, पण तो काढा असंही मी कुणाला म्हटलं नाही. मला तो आवडला होता.

दहा-बारा दिवसांनी माझ्या नावाने संस्थेच्या पत्त्यावर एक पत्र आलं. आंतर्देशीय, निळं, तिन्ही बाजूंनी गच्च लिहिलेलं. लिहिणारी मुलगी माझ्याच वयाची असावी. वडिलांच्या पायाची जखम आठ महिने भरत नव्हती, तपासणीत स्टॅफिलोकॉकस हाच जिवाणू निघाला होता, तीन औषधं देऊन झाली होती. तिने लिहिलं होतं, ‘ताई, ती पिवळी पावडर थोडी जरी पाठवलीत तरी चालेल, कशी लावायची तेवढं लिहा.’

ते पत्र घेऊन मी आमच्या सरांकडे गेले. त्यांनी ते शांतपणे वाचलं, घडी घातली, मला परत दिलं आणि विचारलं, “रक्तावर टाकून पाहिलंस?”

नव्हतं पाहिलं. त्याच आठवड्यात पाहिलं. चाचणी साधी आहे. धुतलेल्या लाल रक्तपेशी खारट द्रावणात सोडायच्या, पदार्थ घालायचा, ३७ अंशांवर तासभर ठेवायचं आणि नळी गरगर फिरवून पेशी तळाशी बसवायच्या. पेशी शाबूत असतील तर तळाशी लाल बटण बसतं आणि वरचं पाणी निवळ दिसतं. फुटल्या असतील तर बटण उरत नाही, पाणीच लाल होतं. साध्या बर्बरिनच्या नळ्यांत बटणं जागच्या जागी होती. माझ्या दहा कार्बनच्या रेणूच्या नळ्या मात्र लाल झाल्या, आणि त्याही जवळपास त्याच मात्रेला, जिला जिवाणू मरत होते. मी जे बनवलं होतं त्याला एका टोकाला धन भार होता आणि दुसऱ्या टोकाला लांब तेलकट शेपटी. असा रेणू साबणासारखा वागतो. तो जिवाणूचं आवरण फोडत होता, आणि आवरण कुणाचं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. उघड्या जखमेतल्या जिवंत पेशींनाही त्याने सोडलं नसतं.

त्या मुलीला मी उत्तर लिहिलं, पण तीन आठवडे उशिरा. एवढा उशीर माझ्या भित्रेपणामुळे झाला. तिचं पुन्हा पत्र आलं नाही.

संपादक महोदय, यावरून ‘वनस्पतींत काही दम नाही’ असं मी म्हणते आहे, असं कृपया समजू नका. माझं म्हणणं याच्या अगदी उलट आहे. झाडाने तो रेणू आपल्यासाठी बनवलेला नाही. त्याच्या पानात, मुळात, सालीत, त्याच्या सोबत्यांबरोबर त्याचं जे काम आहे, त्यासाठी तो घडला. त्याला माणसाच्या शरीरात नेऊन काम करायला लावायचं, तर बदलावं लागतंच. बर्बरिन तोंडावाटे दिलं तर रक्तात एक टक्काही पोचत नाही. त्यात फेरफार करणं म्हणजे निसर्गात ढवळाढवळ, असं मला भाषणांनंतर अनेकदा ऐकवलं गेलं आहे. पण हाच फेरफार माणसांचे जीव वाचवतो, आणि त्याचं सर्वांत ठळक उदाहरण आर्टेमिसिनिनचं आहे.

चीनमध्ये २३ मे १९६७ रोजी मलेरियाविरुद्ध एक गुप्त प्रकल्प सुरू झाला. तारखेवरूनच त्याचं नाव पडलं, प्रकल्प ५२३. तू यूयू यांच्या गटाने शेकडो वनस्पतींचे अर्क तपासले. चिंगहाव, म्हणजे आर्टेमिसिया अॅन्युआ, या झुडपाचा अर्क एकदा चांगला लागू पडला आणि नंतर पडेना. चौथ्या शतकातल्या ग हूंग यांच्या ग्रंथात हे झुडूप पाण्यात भिजवून, पिळून, रस प्यावा असं लिहिलेलं त्यांनी वाचलं. उकळावं असं तिथे म्हटलेलं नव्हतं. त्यांनी कमी तापमानाला उकळणाऱ्या इथरने अर्क काढला. ऑक्टोबर १९७१ मध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांतल्या मलेरियावर शंभर टक्के लागू पडला, आणि १९७२ मध्ये शुद्ध स्फटिक हाती आले. २०१५ चं नोबेल पारितोषिक त्यांना मिळालं, ते यासाठी.

गोष्ट बहुधा इथेच थांबवली जाते. मला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. आर्टेमिसिनिन पाण्यातही नीट विरघळत नाही आणि तेलातही नाही. गंभीर मलेरियात रुग्ण बेशुद्ध असतो, त्याला गोळी गिळता येत नाही, आणि शिरेतून देता येईल असं द्रावण या रेणूचं होत नाही. या रेणूचा जीव त्यातल्या पेरॉक्साइडच्या पुलात आहे, दोन ऑक्सिजन एकमेकांना धरून असलेला पूल. परजीवी आपल्या हिमोग्लोबिनवर जगतो, त्यातून सुटलेलं लोह हा पूल तोडतं आणि त्यातून निघालेले जहाल तुकडे परजीवीलाच मारतात. अशा नाजूक रेणूवर सोडियम बोरोहायड्राइड घालायचं, हे कुणाही रसायनशास्त्रज्ञाला धाडसाचं वाटेल. पूल तुटेल अशीच भीती. पण तुटला नाही. शेजारचा कार्बोनिल तेवढा बदलला आणि डायहायड्रोआर्टेमिसिनिन मिळालं, मूळ रेणूपेक्षाही जोरकस. त्यावर मिथाइल जोडला तर तेलात विरघळणारं आर्टेमेथर होतं. सक्सिनिक आम्लाची शेपटी जोडली तर आर्टेसुनेट, जे सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणात विरघळवून थेट शिरेत देता येतं. आशियात गंभीर मलेरियाच्या रुग्णांवर झालेल्या मोठ्या चाचणीत क्विनाइन दिलेल्यांपैकी २२ टक्के दगावले, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के. हे निष्कर्ष २००५ चे. पुढे आफ्रिकेतल्या मुलांवरच्या चाचणीतही आर्टेसुनेटच सरस ठरलं. क्विनाइनही झाडाचंच, १८२० मध्ये सिंकोनाच्या सालीतून वेगळं काढलेलं. दोन्ही रेणू झाडांनी दिले. शिरेतून देता येईल असं आर्टेसुनेट मात्र प्रयोगशाळेत बनलं.

आता हिड्नोकार्पिनचं. हिड्नोकार्पस म्हणजे चौलमोगरा ज्या झाडांपासून मिळतो ती प्रजाती. त्याच्या बियांचं तेल कुष्ठरोगावर फार पूर्वीपासून वापरात होतं. प्यायलं तर मळमळ असह्य व्हायची. टोचलं तर इतकं दाट की त्वचेखाली गाठी होऊन बसायचं, रक्तात पोचायचंच नाही. हवाईमध्ये अॅलिस बॉल या तरुण रसायनशास्त्रज्ञाने या तेलातल्या आम्लांपासून इथाइल एस्टर (आम्ल आणि अल्कोहोल जोडून होणारे पदार्थ) बनवले, आणि ते टोचता येऊ लागले, शरीरात शोषले जाऊ लागले. तेव्हा ती तेवीस वर्षांची होती. १९१५ मध्ये तिथल्या कॉलेजातून रसायनशास्त्राची मास्टर्स पदवी मिळवणारी ती पहिली स्त्री आणि पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. १९१६ च्या अखेरीस ती वारली, वय फक्त चोवीस. तिचं काम कॉलेजच्या प्रमुखांनी पुढे नेलं आणि तिचं नाव न घेता प्रसिद्ध केलं. १९२२ मध्ये, तिच्याकडे हे काम मुळात ज्यांनी सोपवलं होतं त्या डॉ. हॉलमन यांनी, ही पद्धत बॉलची आहे असं लेखी नोंदवलं. १९४० च्या दशकात सल्फोन औषधं येईपर्यंत कुष्ठरोग्यांच्या हाती जे होतं, त्यात हे एस्टर होते. ते पूर्ण बरं करणारं औषध नव्हतं. पण तेलाचं इंजेक्शन होऊ शकतं ते एका एस्टरबंधामुळे, हे एका तेवीस वर्षांच्या मुलीने दाखवलं. मी दरवर्षी एस्टरीकरण शिकवताना तिचं नाव फळ्यावर लिहीत असे.

आणि पंप बंद पाडणारा तो रेणू, ५-प्राइम-मिथॉक्सीहिड्नोकार्पिन, याच चौलमोगऱ्याच्या तेलातही अल्प प्रमाणात आढळलेला होता. हे वाचलं त्या दिवशी मी बराच वेळ तशीच बसून राहिले.

बदल केला की यश मिळतंच असंही नाही. बर्चच्या सालीत आणि इतरही अनेक झाडांत असणारं बेट्युलिनिक आम्ल एचआयव्हीला थोडंफार थोपवतं. त्याला एक छोटी शेपटी जोडली (पुन्हा सक्सिनिक आम्लाच्याच घराण्यातली, आम्हा रसायनवाल्यांना तिचा लळाच आहे) आणि ताकद अफाट वाढली. बेव्हिरिमॅट असं त्याचं नाव पडलं. विषाणूचं एक प्रथिन कापलं जाण्याची शेवटची पायरी ते अडवत होतं, असा मार्ग आधीच्या कुठल्याच औषधाने धरला नव्हता. माणसांवरच्या चाचण्यांपर्यंत ते पोचलं. तिथे कळलं, की बऱ्याच रुग्णांतल्या विषाणूत नेमक्या त्याच जागी आधीपासूनच नैसर्गिक फरक आहेत आणि त्यांच्यावर औषध चालत नाही. काम थांबलं. त्या माणसांनी चूक काहीच केली नव्हती.

माझ्या त्या प्लेटमधली इ. कोलायची गुलाबी रांग मी तेव्हा पाहिली नाही, नंतर मात्र तिनेच मला सर्वांत जास्त छळलं. आज रुग्णालयांत सर्वांत जास्त भीती ज्या जिवाणूंची आहे ते बहुतेक ग्रॅम-ऋण आहेत. त्यांना दोन आवरणं असतात, बाहेरच्या आवरणात अरुंद दारं, आणि आत शिरलेल्याला हुसकावायला पंप. वनस्पतींतले बहुतेक रेणू या बाहेरच्या आवरणापाशीच अडतात. २०१७ मध्ये पॉल हर्गनरोदर यांच्या गटाने शंभराहून अधिक रेणू इ. कोलायमध्ये किती साठतात ते मोजलं आणि काही आडाखे बांधले. रेणूवर मोकळा अमाइन गट (नायट्रोजनचा) असावा, रेणू चपटा असावा आणि ताठ असावा. या आडाख्यांनुसार त्यांनी फक्त ग्रॅम-धन, म्हणजे बाहेरचं आवरण नसलेल्या, जिवाणूंवर चालणारा एक नैसर्गिक रेणू बदलून ग्रॅम-ऋणांवरही चालवून दाखवला. तो रेणू वनस्पतीचा नव्हता, पण वाट तीच आहे. माझी लांब, लवचिक, तेलकट शेपटी या आडाख्यांच्या बरोबर विरुद्ध होती. आजच्या मुलांना हे आधी कळतं, याचा मला मनापासून आनंद आहे. बर्बरिनला पंप अडवणारा रेणू थेट जोडून एकच जोड-रेणू बनवण्याचं कामही २००६ मध्ये झालं. झाडाने दोन रेणूंत वाटून दिलेलं काम एकात बांधायचं, ही कल्पना मला माझ्या साखळ्यांपेक्षा कितीतरी शहाणी वाटते.

हे काम थांबता कामा नये. प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट दगावली असा अंदाज आहे. आणि नवं प्रतिजैविक बनवणं हा तोट्याचा धंदा झाला आहे. २०१८ मध्ये प्लाझोमायसिन या नव्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते बनवणारी कंपनी दिवाळखोरीत गेली. नवं प्रतिजैविक जपून, क्वचितच वापरायचं असतं, म्हणून ते विकलं जात नाही. अशा वेळी सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रयोगशाळांतली तरुण मुलंच हा भार उचलणार आहेत. त्यांच्या कामाला वर्तमानपत्रात जागा मिळायलाच हवी, पहिल्या पानावर मिळाली तरी हरकत नाही.

फक्त ती जागा देताना आपल्या बातमीदारांनी मात्रेचा आकडा मागून घ्यावा. तपासलं ते अर्क की शुद्ध रेणू, जिवाणू कोणता, ग्रॅम-ऋणावर पाहिलं का, हे विचारावं. हळदीतल्या कर्क्युमिनसारखे काही रेणू जवळपास प्रत्येक चाचणीत ‘लागू’ पडल्यासारखे दिसतात, कारण ते स्वतः चमकतात, विघटन पावतात, प्रथिनांना कुठेही चिकटतात. अशा रेणूची बातमी असेल तर दुसऱ्या एखाद्या अभ्यासकाचं मत घ्यावं. आणि ‘औषध’ हा शब्द मथळ्यात घालण्यापूर्वी थांबावं, कारण ती बातमी कुणीतरी आजारी माणसाच्या उशाशी बसून वाचत असतं. संशोधक मुलांना तो शब्द आवडेल, ते तुम्हाला अडवणार नाहीत. मीही अडवलं नव्हतं.

त्या बातमीतल्या विद्यार्थ्यांपर्यंत हे पत्र पोचलं, तर माझ्या जुन्या वह्या त्यांना पाहायला द्यायची माझी तयारी आहे. दोन ते बारा कार्बनपर्यंतच्या सगळ्या साखळ्यांचे आकडे त्यांत आहेत, जिवाणूंवरचे आणि रक्तपेशींवरचे समोरासमोर. लाल झालेल्या नळ्यांची पानं मी कधीच प्रसिद्ध केली नाहीत, ती आधी उघडावीत. सहा कार्बनच्या साखळीला जिवाणूंवर थोडी ताकद वाढली होती आणि रक्तपेशी जवळजवळ शाबूत राहिल्या होत्या. मी मोठ्या आकड्यामागे धावले आणि ती रांग तशीच सोडून दिली. तिथे एक अमाइन जोडून पाहावा, असं मला हल्ली फार वाटतं.

आपली,
एक निवृत्त संशोधिका